आईचा शांत आवाज

केतकी घरात शिरली तीच बोलत. "आई, मी नोकरी सोडली! नदीवर तरंगणारी शाळा काढतेय. झोपच लागत नाही गं, पण थकवा म्हणून नाही!"

नलिनीताईंनी विळी बाजूला सारली. लेकीच्या डोळ्यांतली ती चमक त्यांनी ओळखली. तिशीत त्यांच्याही डोळ्यांत ती आली होती, आणि तिच्यामागून आलेल्या अंधारात त्या जीव द्यायला निघाल्या होत्या. तेव्हा डॉक्टरांनी कानामागे बसवलेली चिप आजवर त्यांचं मन एका पातळीवर धरून होती. म्हणूनच केतकीला आई उरली होती.

घाबरून त्यांनी केतकीचा हात घट्ट धरला. लगेच कानामागे ऊब जाणवली आणि भीती निवली.

"हा माझाच आजार आहे, केतकी. आजच डॉक्टरांकडे जाऊ." चहात साखर कमी पडल्याचं सांगावं, तसा आवाज.

"घाबरलीस तरी का तू? चेहऱ्यावरची रेघ हलत नाही तुझ्या. मला नको असलं सपाट जगणं."

ओरडावं, रडावं, दार अडवून उभं राहावं, असं नलिनीताईंना वाटलं. पुन्हा ऊब आली. केतकी हात सोडवून जिना उतरून गेली.

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

"तिच्या संमतीशिवाय चिप बसवता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही आई आहात. जरा कळकळीने समजवा."

"समजावलं," नलिनीताई शांतपणे म्हणाल्या.