टिचकीआधी

रहमतुल्लाच्या पत्राला मी दोन महिने उत्तर दिलं नव्हतं. फोनवर मी नुसतं ‘हं, हं’ करतो, म्हणून अकोल्याच्या त्या मिस्त्रीनं मुद्दाम पत्र धाडलं होतं: ‘सरजी, कोणती फ्रेम ठेवू?’

दगडधोंड्यांवरून पाय न टेकता चालवायची, जुन्या धर्तीची मोटारसायकल मला मरण्याआधी एकदा बांधायची होती. त्यासाठी मी अकोल्याला गेलो, तेव्हा त्याच्याकडे दोन जुन्या फ्रेम टांगलेल्या होत्या. पारख सोपी होती. टिचकी मारायची, खणखणली तर धड, बद्द वाजली तर तडा.

पहिली खणखणली.

दुसरीकडे मी बोट नेलं, आणि टिचकी मारण्याआधीच ती वाजली. टण्ण.

पुन्हा बोट नेलं. पुन्हा तेच.

“हिले तुमच्यापेक्षा घाई हाय,” रहमतुल्ला हसला. “तुमी विचार करत बसान, तोवर हे पार डोंगरात धारणीले जाऊन येते!”

‘कळवतो’ म्हणून मी अमरावतीला पळून आलो.

आज धीर करून लिहिलं: ‘पहिली ठेवा. दुसरी मोडीत द्या.’

टपालपेटीपाशी पुन्हा शंका आली. दुसरीच बरी होती का? पाकीट फटीत अर्धं सरकवून मी तसाच उभा राहिलो.

पेटीच्या आतून आवाज आला. टण्ण.

दचकून माझी बोटं सुटली, आणि उत्तर एकदाचं गेलं.