आबांचा डबा

गिटारचा सूर घुमवणारं इको पेडल मी घरीच बनवलं होतं, वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, जेवणाच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात, त्यांना न विचारता. अमळनेरला देवीच्या मंडपात कार्यक्रम तोंडावर आला, तरी त्याची घरघर जाईना. वायर बदलली, सोल्डरिंग पुन्हा केलं, सेल नवे घातले. “घरघर राहिली तर गिटार दुसऱ्याकडे,” ऑर्केस्ट्रावाल्या मास्तरांनी बजावलं. घाबरून स्टेजच्या कडेला बुटाने पेडलचं बटण दाबत राहिलो. स्टेजखालून आबा ओरडले, “अन्नना डबावर पाय ठेवस का रे?” त्यांनी डबा ओढायला हात लावला आणि घरघर थांबली. माझ्या पायात रबरी सोलचे बूट. आबा नवरात्रामुळे अनवाणी, ओल्या मातीत उभे. त्यांच्यातून डब्याला जमिनीचं अर्थिंग मिळालं होतं. “आबा, हात काढू नका!” गाणं सुरू झालं. इकोची ओळ आली. बटणाशेजारी त्यांची बोटं. माझा पाय अधांतरीच राहिला. आबा म्हणाले, “ठेव पाय.”