डाव्या कानामागचा ठिपका

"आक्का, तुमची लेक माझ्यामुळं गेली," महेश म्हणाला आणि त्याला रडू फुटलं.

आक्काबाई मखमलाबादच्या घरी ओसरीवर झेंडूचे हार ओवत होत्या. लेकीच्या वर्षश्राद्धाला आलेल्या जावयाकडं त्या बघतच राहिल्या. "काहीतरीच काय बोलता, जावईबापू!"

पण आज त्याला बोलायचंच होतं. वर्षभर जीव नुसता आतून पोखरला होता.

पीएचडीला त्यानं विषय तरी कुठला घ्यावा? वक्र पृष्ठभागावरचे वेव्हलेट! माणसाचं डोकं गोल, अन् त्यावरून टिपलेल्या मेंदूच्या लहरी लोक सपाट कागदावर पसरून तपासणार. संत्र्याची साल टेबलावर चेपून बसवली तर फाटणारच की! महेश हे वेव्हलेट, म्हणजे गणितातल्या छोट्या छोट्या लहरी, थेट गोलावरच बसवून बघायचा. बारीकसा ठिपकाही निसटायला नको, हा त्याचा हट्ट.

चाचणीला एक निरोगी डोकं हवं होतं. छाया टाळत होती. "दुसऱ्या कुणाचं घ्या ना."

"घरात बायको असताना गावभर हिंडू?"

शेवटी दोन हजार दोनची दिवाळी माहेरी करून ती परतली आणि दवाखान्यात तारांची टोपी घालून बसली. संगणकावर डाव्या कानामागं काळा ठिपका उमटला.

"हे काय?"

"अहो, अभ्यंगाचं तेल! आईनं थापलंय नुसतं. तिथं तारा चिकटल्या नसतील."

महेश भडकला. "साधं डोकं धुऊन येता येत नाही?" पुन्हा बस म्हटलं, तर ती बसेना. प्रबंध द्यायची तारीख तोंडावर आलेली. त्यानं तेवढ्या तारांचे आकडे वगळले. चित्र कसं लख्ख झालं!

प्रबंध देऊन तो पेढे घेऊन घरी आला, त्याच संध्याकाळी छाया कोसळली. पुन्हा शुद्धीवर आलीच नाही. तपासणीत मेंदूत गाठ निघाली, नेमकी डाव्या कानामागं.

"माझ्या गणितानं ती दाखवली होती, आक्का. मी मूर्खानं तेल म्हणून पुसून टाकली. तेव्हाच ओळखलं असतं तर..."

आक्काबाईंच्या हातातली सुई थांबली.

"मी तेल लावलं, असं म्हणाली?"

"हो."

"कुठलं तेल, बापू? वाटी घेऊन मागं मागं फिरले, बोट लावू दिलं नाय तिनं डोक्याला. गाठीवर उपाय नाय म्हणून डॉक्टरनं दसऱ्यालाच सांगितलं व्हतं तिला. तुमाला ती बोलली असंल, असंच धरून व्हते मी. मला म्हणली, 'आई, त्यांचा प्रबंध देऊन होऊ दे, मग मीच सांगते.'"