अ‍ॅडजस्ट

एसटीत तिघींच्या सीटवर चौथी आली की कंडक्टर म्हणायचा, ‘अ‍ॅडजस्ट करा.’ लग्न होऊन धुळ्याला आले. एका खोलीत सहा माणसं. नवराही तेच म्हणाला. तीन वर्षं दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, भाऊ मला माहेरी न्यायला आला, आणि सासूने तेच म्हणत त्याला दारातून परत पाठवलं.

एकोणनव्वदच्या आखाजीला सुटले एकदाची. आईला सगळं सांगायचं, परत जायचंच नाही, असं ठरवून सोनगीरला उतरले.

घरी पोचले तर वहिनीचा भाऊ अंगणात चपला घालत होता. एकटाच. वहिनी भरलेली पिशवी छातीशी धरून दारात उभी होती.

माझ्याकडे बोट दाखवत आई त्याला समजावत होती,

“आमनी पोर उनी शे, तिले रांधी कोन घाली? यंदा अ‍ॅडजस्ट करी ल्या, भाऊ.”