‘बसले’चा रकाना

"मॅडम, तुमच्या कागदानं तर माह्ये डोळेच उघडले!" बापूराव ठेकेदार स्वरदाला खुशीत म्हणाले.

वडनेरला मुलींच्या वसतिगृहाचं बांधकाम चाललं होतं. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर. स्वरदा वर्ध्याची, बांधकाम व्यवस्थापनात एम.टेक. करणारी. भर दुपारी मजुरांना विसावा मिळालाच पाहिजे, नाहीतर माणूसही मोडतो आणि कामही बिघडतं, हे तिला आकड्यांनी सिद्ध करायचं होतं. म्हणून रोज बारा ते तीन, दर दहा मिनिटांनी टिपायचं, कोण काम करतंय आणि कोण बसलंय. कागदावर रकाने दोनच. ‘कामावर’ आणि ‘बसले’.

अकरा दिवस झाले. ‘बसले’च्या रकान्यात भोपळा!

आठ माणसं होती कामावर. मंगरू मिस्त्री आपला विटेवर वीट चढवतोय. साठीला टेकलेली सुंदरा डोक्यावरचं घमेलं काही सोडत नाही. घामाच्या धारा लागल्यात, पण बसायचं नाव नाही. जवळच कडुनिंबाची सावली होती, पाण्याचा माठ होता. माठाशेजारी दोन विटा, आणि त्यांवर धुतलेल्या दुपट्ट्याची घडी. ही बैठक रोज नेमानं मांडलेली दिसे, आणि रोज रिकामीच राही. मिस्त्रीची असेल, असं स्वरदाला वाटायचं. मग बसत का नाही हा बाबा, देव जाणे.

"माणसं थकतच नाईत, हे तुमीच तं लिहून ठेवलं," बापूराव पुढे म्हणाले. "आता पुढच्या साइटवर दुपारची सुट्टी बंद! एक झेरॉक्स द्याजा मले. कोनी बोललं तं दाखवतो."

झालं! करायला गेली गणपती आणि झाला मारुती. बापूराव गाडीला किक मारून गेले, आणि स्वरदा हातातल्या कागदांकडे बघत राहिली. आज मोजणीचा शेवटचा दिवस होता.

चूक कुठे झाली, हेच तिला कळेना. कॉलेजातल्या सरांनी बजावलं होतं तसं तिनं तंतोतंत केलं होतं. निरीक्षकानं लांब उभं राहायचं, मजुरांत बसायचं नाही, त्यांचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, नाहीतर नोंदी बिघडतात. पोर मोठी गुणाची. लू लागू नये म्हणून आईनं दिलेला कांदा खिशात ठेवून, तोंडाला ओढणी गुंडाळून, अकरा दिवस ती भर उन्हात खांबासारखी उभी होती.

आज मात्र तिनं सरांचा नियम मोडला. सरळ सुंदरापुढे जाऊन उभी राहिली.

"मावशी, खरं सांगा. मी ठेकेदाराची माणूस वाटले ना तुम्हाला? त्यांच्या भीतीनं बसत नाही ना कोणी?"

सुंदरा पदर तोंडाला लावून हसली. "बापूरावची भीती? अवं माय! तू रविवारी आली नाई, तवा हा मंगरू तीन घंटे घोरून राह्यला होता इथं."

मंगरू लाजला आणि उगाचच एक वीट ठोकू लागला.

"मग मी असतानाच काऊन नाई बसत?" स्वरदा रडकुंडीला आली, तशी तिच्या तोंडून घरची बोली निघाली. "मावशी, तुमच्याचसाठी करून राह्यली मी हे. अन् या कागदापायी तुमचीच सुट्टी जाईल ना!"

सुंदरानं घमेलं खाली ठेवलं. स्वरदाच्या गालाला हात लावून पाहिला, आणि तिचं तोंड एकदम उतरलं. "तापून राह्यली वं तू, पोरी!" म्हणत तिनं स्वरदाला दंडाला धरून कडुनिंबाखाली नेलं आणि त्या दोन विटांवर बसवलं. माठातलं पाणी हातात दिलं.

"अहो मावशी, ही मिस्त्रीदादांची जागा..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मागे घमेली धडाधड खाली आली. मंगरूनं थापी टाकली. हुश्श करत एकेक जण सावलीत येऊन टेकला. दोन मिनिटांत आठच्या आठ माणसं खाली बसली होती, आणि स्वरदा ग्लास हातात धरून नुसती बघत होती.

"आता कसे बसले सगळे?" तिनं विचारलं.

"आता काय!" सुंदरा पदरानं तिला वारा घालत म्हणाली. "लेकीच्या वयाची पोर उन्हात उभी, अन् आमी सावलीत बसाचं? मन धजन का? अकरा दिवस झाले, रोज दुपट्टा धुवून ही जागा करतो तुह्यासाठी. तू बसली असती तं आमी कईचेच बसलो असतो."

स्वरदानं ओढणीनं डोळे पुसले, पर्समधून पेन काढलं आणि अकराही कागदांवर आडवी रेघ मारली. मग प्रत्येकाखाली, बापूरावांनाही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘बाद. कारण, निरीक्षक उभी होती.’