ओढ्याकाठची पाल

काचेच्या पेटीपुढे मालनबाईंनी जमिनीवरच बसकण मारली. महेशने पुढे केलेली खुर्ची तशीच राहिली. मखमलाबादहून दोन रिक्षा बदलून त्या पाल बघायला आल्या होत्या.

"हीच का?"

"हीच, मावशी. दीपकनं पकडलेली. त्याच दिवशी, पडायच्या आधी."

पेटीतल्या दगडाला बोटभर लांबीची तपकिरी पाल चिकटून होती. दक्षिणेच्या घाटातल्या एका सदाहरित जंगलात, तिथेही एकाच ओढ्याकाठी ही जात सापडते. जगात दुसरीकडे कुठेच नाही. घरात पाल दिसली की लोक केरसुणी शोधतात, आणि महेश-दीपक या दोघा मित्रांनी हिच्या अभ्यासापायी तीन पावसाळे जंगलात काढले होते. तिसऱ्यात मालनबाईंचा एकुलता एक लेक कड्यावरून गेला. त्याला आता महिना झाला होता. महेश भेटायला आला तो एकदाच, तोही उंबऱ्यातून परत फिरला.

"म्हंजे हिनं बघितलं आसंल," मालनबाई म्हणाल्या. "सांग परत. कसा पडला?"

महेशने परत सांगितलं, पोलिसांना सांगितलं होतं अगदी तसंच. पाय घसरला, क्षणात खाली गेला, ओरडायलाही वेळ मिळाला नाही. मालनबाई त्याच्याकडे बघतच नव्हत्या, त्यांचा कान पेटीकडे होता. कुणी बोलत असताना पाल चुकचुकली की ते बोलणं खरं. मग जमिनीवर बोट वाजवून 'खरं, खरं' म्हणायचं, ही त्यांच्या घरची रीत. महेश लहानपणापासून त्याच घरात जेवला होता.

पाल गप्प होती.

"ही जात मुकी असते, मावशी," महेश कसंनुसं हसला. "तीन वर्षांत एकदाही आवाज ऐकला नाही आम्ही."

"आसू दे." त्या पेटीजवळ सरकल्या आणि पालीलाच सांगावं तसं हळू बोलल्या, "माझा दीपक मुळीला धरून लटकत व्हता. हाका मारत व्हता. अन् ह्यो जवळ गेला नाय."

चुक चुक चुक.

महेशने झटकन पेटीकडे पाहिलं. पालीने तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

मालनबाई हलल्या नाहीत. त्यांचे दोन्ही हात मांडीत होते. फरशीवर टकटक चालू होती ती महेशच्या बोटाची.