राजदूत उठून उभे राहिले

"पुन्हा तुम्हीच?" राजदूतांच्या सचिवाने हात आडवा धरला. ती त्या हाताखालून निसटली आणि थेट राजदूतांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

आज तिच्या इंटर्नशिपचा शेवटचा दिवस होता. पाच वाजता गळ्यातला पास परत करायचा, की मग आंतरराष्ट्रीय परिषदेच्या या इमारतीचं फाटकसुद्धा तिला परकं होणार होतं. सात महिन्यांपूर्वी या राजदूतांच्या देशाने एक मालवाहू जहाज अडवून ठेवलं होतं. जहाजावरचे अकरा जण घरी परतले. बारावा, जहाजाचा इलेक्ट्रिशियन, म्हणजे तिचा दादा, परतला नाही. पत्र नाही, फोन नाही.

साध्यासुध्या माणसाला परका राजदूत कुठला भेटायला? म्हणून तर तिने इथली बिनपगारी नोकरी धरली. तीन महिने सभागृहात देशांच्या पाट्या मांडल्या, पाण्याचे पेले भरले. पाहुण्यांशी कामापुरतंच बोलायचं, अशी सक्त ताकीद होती. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. तिने राजदूतांना चारदा गाठलं. लिफ्टमध्ये, जिन्यात, दोनदा गाडीपाशी. चारही वेळा त्यांनी मान वर न करता एकच वाक्य टाकलं, "नोंद घेतली आहे."

आई रोज फोनवर विचारायची, "काय म्हणाले?"

"नोंद घेतली म्हणाले."

"किती नोंदी घेतात गं मेले! वही भरली नाही का अजून त्यांची?"

त्यावर दोघी हसायच्या आणि फोन ठेवल्यावर आपापल्या जागी रडायच्या.

आज बोलायचं वाक्य तिने आठवडाभर घोकलं होतं. ऐनवेळी त्यातलं अक्षर आठवेना.

"साहेब, माझा भाऊ कुठे आहे? एवढंच सांगा हो."

राजदूतांनी कप खाली ठेवला. सचिवाला बाहेर जायला सांगितलं. मग कोटाचं बटण लावून ते उठून उभे राहिले. पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"घरी कोण कोण असतं?"

"आई आणि मी."

"आईची तब्येत कशी आहे?"

"काळजीने पार खंगलीय."

त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "आईंना एकटं सोडू नका. दोन दिवसांत आमचं पत्र तुमच्या सरकारकडे येईल."

ती धावत सुटली. आनंद पोटात मावेना. खाली पास गोळा करायला शिष्टाचार विभागातले जुने कारकून बसले होते. तीस वर्षं त्यांनी देशोदेशींच्या राजदूतांची ऊठबस केली होती. सगळे त्यांना मामा म्हणत.

"मामा, झालं काम! पत्र येतंय!" तिने एका हाताने आईचा नंबर शोधायला घेतला. "इतकं गोड बोलले! आईची चौकशी केली. माझ्यासाठी उठून उभे राहिले हो, कोटाचं बटण लावून!"

मामांनी हातातले पास बाजूला ठेवले. तिच्या हातातला फोन हळूच काढून घेतला.

"आईला फोनवर नको सांगूस, घरी जा," ते म्हणाले. "पोरी, जिवंत माणसासाठी ही मंडळी उठून उभी राहत नाहीत."